लव्हाळ्याचे बेट

आमच्या थोरल्या वहिनी गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न होते. बंधू नोकरीनिमित्त आखातात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तीन मुले शिकणारी, आणि वाडीतल्या फुलांच्या करंड्या पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारी पोहोचवायच्या, असा त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा नेम होता. अंत्यविधीच्या मिस्सानंतर कुटुंबाच्या वतीने चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले. 'वहिनींनी उभ्या आयुष्यात तक्रारीचा शब्द काढला नाही,' असे आम्ही भरल्या कंठाने सांगितले आणि समोरच्या कित्येकांनी माना डोलावल्या. पुढे महिनाभराने त्यांच्या पेटीत डॉक्टरांची एक चिठ्ठी सापडली. रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्याव्यात, असे तीत दोन वर्षांपूर्वी लिहिलेले होते. चिठ्ठीला टाचलेली औषधाच्या दुकानाची पावती मात्र एकाच महिन्याची होती. घरात कुणाला याची वार्ताही नव्हती, कारण कुणी विचारलेच नव्हते. आमच्या त्या चार शब्दांचा आम्हांस तेव्हापासून संकोच वाटत आला आहे. ज्या गुणाची आम्ही वेदीसमोर स्तुती केली, त्या गुणानेच वहिनींचा घात केला नसेल ना?

हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता असता तर तो चार लोकांपुढे मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु विवाहाच्या रौप्यमहोत्सवातील भाषणे, मृत्युलेख आणि धर्मग्रामाच्या स्मरणिकांतून छापून येणारी व्यक्तिचित्रे जरा लक्षपूर्वक वाचली, तर मध्यम वयाच्या माणसाची थोरवी गाण्याची आपली एक ठरावीक भाषा आहे असे दिसून येते. 'सोशिक', 'अबोल', 'झिजली पण वाकली नाही', 'कुणापुढे हात पसरला नाही' ही त्या भाषेतील बिरुदे होत. ती ज्यांना लावली जातात त्यांत स्त्रिया अधिक. पण कर्जाचे हप्ते फेडत, आई-वडिलांचे आजारपण निस्तरत, नोकरी सुटल्याची गोष्ट महिनोन्‌महिने लपवून ठेवणारे पुरुषही कमी नाहीत. ही भाषा खरोखर कोणत्या गुणाचे वर्णन करते आणि त्या गुणाचा देहाच्या आरोग्याशी काय संबंध आहे, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले. त्यासाठी दोन अगदी भिन्न जातींचे ग्रंथ आम्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचले. एक अमेरिकन समाजशास्त्रीय अभ्यास आहे, तर दुसरे मराठीतले एक सर्वमान्य आत्मचरित्र.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीत ज्याला 'रेझिलिअन्स' म्हणतात त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा धात्वर्थ उसळून परत येणे असा आहे. मराठीत त्याचे भाषांतर करताना पुष्कळदा 'सहनशीलता' हा शब्द योजला जातो. तो आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटतो. सहनशीलतेत ओझे अंगावर घेणे आहे, परत उसळणे नाही. 'चिवटपणा' हा शब्द थोडा जवळचा खरा, पण चिवट वस्तू तुटत नाही एवढेच तो सांगतो. आपल्या बोलीत याहून नेमका शब्द आहे, तो 'उभारी'. आजारातून उठलेला माणूस 'उभारी धरू लागला' असे आपण म्हणतो. पडणे झाले होते हे त्या शब्दात गृहीत आहे, आणि उभे राहण्यास वेळ लागतो हेही. शिवाय माणूस उभारी धरतो, तशी दुसरा माणूस त्याला उभारी देतोही. सहनशीलता अशी कुणी कुणाला देत नाही. या लेखात आम्ही 'उभारी' हाच शब्द वापरणार आहोत.

आता पहिल्या ग्रंथाकडे वळू. फादर डेमियन यांच्या मोलोकाईमुळे हवाई बेटे आपल्या वाचकांस अपरिचित नाहीत. त्याच द्वीपसमूहात कौआई नावाचे एक हिरवे बेट आहे. १९५५ मध्ये त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ बालकांचा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यांचे आई-वडील बहुतेक ऊस आणि अननसाच्या मळ्यांत राबणारे. कुणी मूळचे जपानी, कुणी फिलिपिनो, कुणी पोर्तुगीज, कुणी तेथलेच हवाईयन. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि कौआईवरच काम करणाऱ्या रूथ स्मिथ यांनी या मुलांची वयाच्या १ल्या, २ऱ्या, १०व्या, १८व्या, ३२व्या आणि ४०व्या वर्षी पाहणी केली. वर्नरबाई जन्माने जर्मन होत्या आणि दुसऱ्या महायुद्धाची होरपळ त्यांनी बालवयात पाहिली होती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या दीर्घ पाठपुराव्याचा चाळिशीपर्यंतचा वृत्तान्त २००१ मध्ये 'जर्नीज फ्रॉम चाइल्डहूड टू मिडलाइफ' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या ६९८ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मापासूनच संकटे आली होती. दारिद्र्य, बाळंतपणातील गुंतागुंत, घरातील भांडणे, आई-बापांपैकी कुणाचे मद्यपान वा मनोविकार अशी चार किंवा त्याहून अधिक अरिष्टे वयाच्या दुसऱ्या वर्षाआधीच त्यांच्यावर कोसळली होती. त्यांतील दोन तृतीयांश मुलांना अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासातील अपयश, गुन्हेगारी किंवा मानसिक आजार यांनी गाठले. उरलेली ७२ मुले मात्र सरळ, कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. अभ्यासकांना कुतूहल वाटले ते याच ७२ जणांचे. संकटे सारखीच असताना ही का तरली?

याचे उत्तर ग्रंथकर्त्यांनी अनेक परींनी दिले आहे. त्यात मुलाचा हसरा, जवळ करावासा वाटणारा स्वभाव येतो. घरकामाची वा धाकट्या भावंडांची खरीखुरी जबाबदारी येते. जगण्याला काही अर्थ आहे ही श्रद्धाही येते. पण वारंवार येणारा एक धागा असा, की या प्रत्येक मुलाजवळ निदान एक तरी माणूस होते, ज्याने त्याला विनाअट आपले म्हटले. ते माणूस आई-वडीलच असेल असे नाही. आजी, मावशी, थोरली बहीण, आवडत्या शिक्षिका, शेजारी, चर्चच्या युवकमंडळाचा एखादा कार्यकर्ता यांपैकी कुणीही ती जागा भरून काढली होती.

येथपर्यंतची हकिकत अनेकांच्या कानावर असेल. आमच्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. ही मुले चाळिशीला पोहोचली तेव्हा त्यांचे आयुष्य कसे होते? सप्टेंबर १९९२ मध्ये 'इनिकी' चक्रीवादळाने कौआई बेट झोडपून काढले, घरेदारे आणि रोजगार उद्ध्वस्त झाले, तेव्हा ही पिढी सदतीस वर्षांची होती. म्हणजे मध्यम वयाची परीक्षा नेमक्या वेळी घेतली गेली. आणि तरीही त्या ७२ जणांच्या गटात चाळिशीत कुणी बेकार नव्हते, कुणी कायद्याच्या कचाट्यात सापडले नव्हते, कुणी सरकारी मदतीवर जगत नव्हते. त्यांच्या वयाच्या इतरांशी ताडून पाहता त्यांच्यांत मृत्यूचे, घटस्फोटांचे आणि दीर्घकालीन आजारांचे प्रमाणही कमी आढळले. बालपणी लाभलेल्या मायेचा हिशेब चाळिशीतल्या शरीरात असा निघतो.

पण ग्रंथाचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला निष्कर्ष या ७२ जणांविषयी नाहीच. तो उरलेल्यांविषयी आहे. अठराव्या वर्षी जी मुले 'वाया गेली' असा शिक्का बसला होता, त्यांतील बहुतेक जण तिशी-चाळिशीच्या दरम्यान सावरले. अल्पवयात माता झालेल्या मुलींपैकी बहुसंख्य जणींनी पुढे शिक्षण घेतले, नोकऱ्या धरल्या. या सावरण्याची कारणे ग्रंथकर्त्यांनी नोंदवली आहेत: प्रौढपणी पुन्हा सुरू केलेले शिक्षण, सैन्यात मिळालेले कौशल्य, स्थिर स्वभावाच्या जोडीदाराशी विवाह, श्रद्धावंतांच्या एखाद्या समूहात खऱ्या अर्थाने सामील होणे, आणि जिवावरच्या आजारातून वा अपघातातून वाचल्यावर आयुष्याकडे नव्याने पाहणे. मानसोपचाराचा वाटा त्यांत लहानसाच आढळला. 'पंचवीस वर्षांनंतर माणूस बदलत नाही' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कौआईच्या या लोकांनी ते खोटे ठरवले आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या वाचकांनी हे प्रकरण अवश्य समजून घ्यावे.

असे असले तरी ग्रंथ निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. चाळिशीतील आरोग्याची बरीचशी माहिती त्या व्यक्तींनी स्वतःच प्रश्नावलीतून दिलेली आहे, आणि 'तुमची प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाला आमच्या वहिनींनीही 'उत्तम' असेच उत्तर दिले असते. दुसरे असे, की ज्या समाजात प्रौढांना पुन्हा शिकण्यासाठी महाविद्यालये खुली होती, त्या समाजातील ही उभारी आहे. दार उघडे असणे आणि आत जाण्याचे बळ असणे या दोन गोष्टींची फोड जितकी स्पष्ट व्हावयास हवी तितकी ती होत नाही. तिसरा मुद्दा ग्रंथकर्त्यांनीच प्रांजळपणे मान्य केला आहे, पण त्यावर त्या फार रेंगाळत नाहीत. तरलेल्या व्यक्तींपैकी काहींना तिशीत डोकेदुखी, पाठदुखी यांसारखे ताणजन्य विकार जडले होते, आणि काही जण इतरांपासून काहीसे अलिप्त राहिले होते. ज्या अलिप्ततेने बालपणी त्यांना घरच्या आगीपासून वाचवले, ती मोठेपणी अंगाला चिकटून राहिली. उभारीचीही काही किंमत देहाने मोजलेली असते, हा तो मुद्दा होय. आम्हांस तोच अधिक खोलवर पाहावासा वाटतो.

त्यासाठी कौआईचे बेट सोडून अमेरिकेच्याच मुख्य भूमीवर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात जावे लागेल. शेरमन जेम्स नावाच्या साथरोगशास्त्रज्ञाला तेथे जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटला. १९०७ मध्ये अत्यंत गरिबीत जन्मलेला हा माणूस नावापुरता शाळेत गेलेला. लिहायला-वाचायला तो आपला आपण शिकला. कुळाने राबायचे आणि कर्ज कधीच फिटायचे नाही, अशा त्या काळच्या वेठबिगारीतून त्याने अहोरात्र कष्ट करून स्वतःची सुटका करून घेतली आणि चाळिशीपर्यंत ७५ एकर जमिनीचा तो मालक झाला. आपल्या स्मरणिकांत छापावे असेच हे चरित्र! परंतु पन्नाशीत त्याला रक्तदाब होता, सांधे आखडले होते, आणि जठरातील व्रण इतके विकोपाला गेले होते, की जठराचा ४० टक्के भाग कापून टाकावा लागला. अमेरिकन लोककथेतला जॉन हेन्री हा पोलादी हातोडा चालवणारा मजूर यंत्राशी पैज लावतो, ती जिंकतो आणि तेथेच कोसळून मरतो. मार्टिनच्या नावातला हा योगायोग जेम्स यांच्या मनात भरला, आणि साधने तुटपुंजी असताना निव्वळ कष्टाच्या जोरावर परिस्थितीशी झुंजत राहण्याच्या वृत्तीला त्यांनी त्याच नायकाचे नाव दिले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ही वृत्ती प्रबळ असून शिक्षण मात्र अल्प असलेल्या पुरुषांचा रक्तदाब चढा आढळला. पुढे २०१३ मध्ये जीन ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील गरीब, कृष्णवर्णीय तरुणांविषयी अशीच गोष्ट दाखवून दिली: जे अभ्यासात आणि वागणुकीत उत्तम होते, त्यांतील कित्येकांच्या शरीरात ताणाच्या खुणा अधिक होत्या. त्यांची उभारी कातडीपुरतीच आहे की काय, असा प्रश्न त्या अभ्यासाच्या शीर्षकातच विचारला आहे.

हे का घडते, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. संकट समोर दिसताच शरीर सावध होते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते, आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपला स्राव सोडतात. ही व्यवस्था ईश्वराची देणगीच आहे. साप दिसल्यावर मागे उडी मारण्यास तीच उपयोगी पडते. साप निघून गेला की सर्व काही पूर्ववत होते. पण ज्याच्या घरातला साप पंधरा वर्षे जातच नाही, त्याच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि झोप यांची हळूहळू झीज होत जाते. ब्रूस मॅक्युएन या शास्त्रज्ञाने १९९३ पासून या साचत गेलेल्या झिजेचा विचार शास्त्रशुद्धपणे मांडला. आमच्या लहानपणी वाड्यांमधून रहाट चालत. रहाटाला जुंपलेले जनावर दिवसभर फिरे, पण त्याचे जू ठरल्या वेळी उतरवीत, त्याला सावलीत बांधीत आणि पाणी दाखवीत. जे जनावर सोडलेच जात नसे, ते कितीही दमदार असले तरी लवकर बसत असे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे जू कोण उतरवतो, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

कौआईचे ७२ जण आणि नॉर्थ कॅरोलायनाचा तो शेतकरी यांच्यातला फरक आता पाहावा. जिद्द दोघांकडेही होती. मार्टिनची तर काकणभर सरसच म्हणावी लागेल. पण कौआईच्या मुलांची जिद्द कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर वाढलेली होती, आणि मोठेपणी तिला जोडीदार, शिक्षक, श्रद्धावंतांचा मेळा यांचा टेकू मिळत गेला. मार्टिनचा लढा अख्ख्या समाजव्यवस्थेशी होता, आणि त्या व्यवस्थेने त्याच्यासाठी एकही टेकू ठेवला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासाचे अलीकडचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर हेच दुसऱ्या शब्दांत सांगतात: पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीत अधिक निरोगी निघाले, आणि याचे भाकीत त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवरून तितके चांगले करता आले नाही. तो अभ्यास आरंभी केवळ पुरुषांचा, आणि तेही गोऱ्या पुरुषांचा होता, ही त्याची मर्यादा मान्य करूनही दिशा तीच दिसते. वाटून घेतलेली उभारी देह राखते. एकट्याने ओढलेली उभारी देह खाते. दोन्ही अभ्यास वाचून आम्ही या निष्कर्षास आलो आहोत.

आता दुसरा ग्रंथ. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे चार भाग १९३४ पासून क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती वाचकांस या ग्रंथाचा परिचय करून देण्याची गरज नाही. तो बहुधा धर्मांतराची कथा म्हणून वाचला जातो, किंवा रेव्हरंड ना. वा. टिळक या कवीच्या संसाराची कथा म्हणून. आम्ही या वेळी तो मध्यम वयाचा वृत्तान्त म्हणून वाचला. १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सुमारे पाच वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. १९०० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्या पन्नास-एक्कावन्न वर्षांच्या होत्या. आमच्या वहिनी ज्या वयात गेल्या, त्या वयाच्या आसपास लक्ष्मीबाईंचे वैधव्य सुरू झाले. त्यानंतर त्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले आणि पासष्टी ओलांडल्यावर मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र वाचकांच्या हाती दिले.

या बाईंना 'सोशिक' म्हणता येईल काय? आमच्या मते मुळीच नाही. 'स्मृतिचित्रे' वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की लक्ष्मीबाई तक्रार करतात. त्या नवऱ्याशी भांडतात, रुसतात, त्याच्या लहरीपणाची टिंगल करतात, आपल्या स्वतःच्या अज्ञानावरही हसतात. दुःख आले की ते बोलून टाकतात. त्यांचा विनोद पुष्कळ समीक्षकांनी वाखाणला आहे, पण तो शैलीचा अलंकार म्हणून. आम्हांस तो प्रकृतीचा रक्षक वाटतो. विनोदाला ऐकणारा लागतो. जो माणूस आपली फजिती दुसऱ्यास सांगून हसतो, त्याने आपले ओझे क्षणभर का होईना दुसऱ्याच्या खांद्यावर टेकवलेले असते.

दुसरी गोष्ट अशी, की या ग्रंथात एकटेपणाची पाने फार थोडी आहेत. प्रत्येक प्रसंगी माणसांची गर्दी आहे. वियोगाच्या पाच वर्षांत, जेव्हा त्यांचे जग कोसळले होते, तेव्हा नात्यागोत्यातल्या ज्या माणसांना त्यांच्या पतीचे धर्मांतर मुळीच रुचलेले नव्हते, त्यांनीच त्यांना आणि त्यांच्या लहानग्या दत्तूला जवळ केले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर नगरच्या बिऱ्हाडात अनाथ मुलांचा आणि पाहुण्यांचा राबता सुरू झाला. लक्ष्मीबाई आधार देणाऱ्या झाल्या आणि आधार घेणाऱ्याही राहिल्या. वर्नरबाईंच्या ग्रंथात जे सूत्र तक्त्यांवरून काढावे लागते, ते येथे स्वयंपाकघरात, ओसरीवर आणि प्रवासात चालते-बोलते दिसते. या दृष्टीने पाहता कौआईच्या ग्रंथात आकड्यांमागे माणसे धूसर होतात असा दोष दिसतो, तर 'स्मृतिचित्रां'त तो दोष नाही; मात्र एकाच असामान्य स्त्रीवरून सर्वांविषयी बोलता येत नाही, ही त्याची मर्यादा. दोन्ही ग्रंथ एकमेकांस पुरे करतात.

तुकोबांनी महापुराचा दृष्टान्त देऊन लव्हाळ्याची महती सांगितली, ती लहानपणाचे, नम्रतेचे मोल पटवण्यासाठी. आपल्याकडील प्रवचनांत आणि भाषणांत तोच दृष्टान्त 'वाका म्हणजे वाचाल' या अर्थाने येतो, आणि ऐकणारी प्रत्येक सून मनात समजून जाते, की वाकायचे तिने आहे. पण ओढ्याकाठी वाढलेल्या कुणालाही लव्हाळ्याची आणखी एक गोष्ट ठाऊक असते. लव्हाळे एकट्याने उगवत नाही. त्याचे बेट असते, आणि चिखलाखाली त्याच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. उपटू गेल्यास एक काडी हाती येत नाही, शेजारच्या दहा काड्या ओढल्या जातात. पुरात ते टिकते याला वाकणे जेवढे कारण आहे, तेवढेच हे गुंतणेही आहे.

आपल्या धर्मग्रामांकडे या दृष्टीने पाहिले तर मनात संमिश्र विचार येतात. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक बालकास धर्ममाता आणि धर्मपिता देणारी आपली परंपरा आहे. आई-बापांखेरीज आणखी दोन प्रौढ माणसे त्या मुलाची जबाबदारी देवासमोर घेतात. वर्नर आणि स्मिथ यांनी चाळीस वर्षे शोधून जे 'एक तरी माणूस' हुडकले, ते आपण पहिल्याच महिन्यात नेमून ठेवतो. पण नाताळची भेट आणि लग्नातला आहेर यापलीकडे ते नाते किती जणांच्या बाबतीत चाळिशीपर्यंत जिवंत राहते? आजारी वृद्धांना घरी जाऊन प्रसाद देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, गरिबांच्या घरी जाणारी संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची मंडळे आहेत, युवकांसाठी शिबिरे आहेत. पंचेचाळीस वर्षांच्या, पक्क्या घरात राहणाऱ्या, दर रविवारी नीटनेटक्या कपड्यांत मिस्साला येणाऱ्या माणसाच्या घरी मात्र कुणी जात नाही, कारण त्याला काही हवे असेल असे कुणास वाटतच नाही. तोच तर सर्वांना देणारा! समूहांच्या सभांत जमाखर्च तोच मांडतो, सणाच्या जेवणाची भांडी तीच घासते. त्यांना 'झोप लागते का?' असे विचारणारे कुणी नसते.

श्रद्धेने प्रकृती सुधारते काय, असा प्रश्न या विषयात हटकून विचारला जातो. कौआईच्या ग्रंथाचा आधार घ्यायचा तर उत्तर सावधपणेच द्यावे लागेल. श्रद्धेने तेथे माणसांना सावरले, पण ती एकाकी मनातली समजूत म्हणून नव्हे. ती त्यांना एका समूहात घेऊन गेली, त्यांना तेथे काम मिळाले, कुणी त्यांची वाट पाहू लागले. 'देव बळ देईल' हे वाक्य खरे आहे. परंतु देव ते बळ बहुधा शेजाऱ्याच्या हाती पाठवतो, आणि शेजारी घरातच बसून राहिला तर ते वाक्य केवळ दार लोटून घेण्याची सोय ठरते. आम्ही स्वतः वहिनींच्या संदर्भात ते वाक्य अनेकदा उच्चारले आहे, म्हणून हे अधिकाराने लिहीत आहोत.

चाळीसाच्या दिवसांत, म्हणजे उपवासकाळात, आपण क्रुसाची वाट करतो. पाचव्या स्थानाशी येतो तेव्हा कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस उचलतो. इतकी वर्षे तेथे गुडघे टेकूनही एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. त्या वाटेवर प्रभूनेसुद्धा क्रूस शेवटपर्यंत एकट्याने वाहिला नाही. दुसऱ्या माणसाने खांदा लावला आणि प्रभूने तो लावू दिला. मग आपल्या घरातल्या आईने, भावाने, वहिनीने तो एकट्यानेच वाहावा, आणि त्याबद्दल आम्ही त्यांच्या शवपेटीपाशी त्यांची स्तुती करावी, हे कोणत्या शुभवर्तमानात बसते?

वहिनींविषयी पुन्हा बोलण्याची संधी मिळती, तर आम्ही ते चार शब्द बदलले असते. त्या खंबीर होत्या, हे सांगितलेच असते, कारण ते सत्य आहे. पण त्यांनी तक्रार केली नाही असे न म्हणता, त्यांची तक्रार ऐकायला आम्ही कधी त्यांच्या ओटीवर बसलो नाही, असे म्हटले असते. ती संधी आता गेली. त्यांची थोरली मुलगी यंदा त्रेचाळीस वर्षांची झाली. तिची दोन मुले शाळेत आहेत आणि सासरे आजारी आहेत. गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तिला थांबवून प्रकृतीची विचारपूस केली. 'बरी आहे, काका,' असे ती नेहमीप्रमाणे म्हणाली. या वेळी आम्ही तेथून हललो नाही. थोड्या वेळाने ती आमच्या शेजारी बाकावर बसली आणि बोलू लागली.